नऊशे मीटरचा चढ

कतारमध्ये चढ नाही. दोह्यातल्या अल मन्सूरातून निघून गाडीने थेट उत्तरेला अल खोर गावापर्यंत गेलं, तरी जमीन कुठे डोळ्यात भरेल इतकी उंचावत नाही. उड्डाणपूल हेच तिथले डोंगर. म्हणून चारुलता गायधनीने चढायचा सराव करायचं ठरवलं, तेव्हा तिच्यापुढे एकच जागा होती, राहत्या इमारतीचा जिना.

तिच्या नवऱ्याने, अरुणकुमारांनी, टेप लावून पायरी मोजली. साडेसोळा सेंटिमीटर. मजल्याला अठरा पायऱ्या, मजले सात. तळापासून वरपर्यंत एकवीस मीटरला जरा कमी. नऊशे मीटर चढायचे तर त्रेचाळीस फेऱ्या आणि वर दोन मजले. वर जायचं जिन्याने आणि खाली यायचं लिफ्टने, कारण उतरताना चारुलताचे गुडघे कुरकुरायचे. ही आकडेमोड त्यांनी कागदावर नीट लिहून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली.

आकड्यांनी त्यांना धीर येई. रास लफानच्या गॅस प्रकल्पात एका कंत्राटदार कंपनीकडे ते बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम पाहत होते. दाब दाखवणारं यंत्र खरं सांगतंय की खोटं, हे ठरवायचं, एवढीच त्यांची नोकरी. यंत्र खोटं सांगत असेल तर त्याला कारण असतं, आणि कारण शोधलं की सापडतं, यावर त्यांचा विश्वास होता.

नऊशे मीटर हा आकडा स्कॉटलंडहून आला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा वेदांत एडिंबरोला शिकत होता. २०२३च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, तो उत्तरेकडच्या डोंगरात एकटाच चालायला गेला आणि परत आला नाही. आधी पाइनचं जंगल, मग धबधबा, त्याच्या वर एक लांबट काळं तळं, तिथले लोक त्याला लॉख म्हणतात, आणि तळ्यापलीकडे खिंड, अशी ती वाट. अकरा दिवस शोध झाला. कुत्री आली, हेलिकॉप्टर आलं, तळ्यात पाणबुडे उतरले. वेदांतची टोपीसुद्धा मिळाली नाही. अरुणकुमार तेव्हा एकटेच गेले होते. चारुलताचा व्हिसा वेळेत आला नाही. पायथ्याच्या गावात अकरा दिवस बसून ते परत आले, आणि महिन्याभरात दोघांनी अल खोरचं घर सोडून अल मन्सूरात बिऱ्हाड केलं. त्या घरात वेदांतची खोली होती.

दुसरा हिवाळा लागला तेव्हा चारुलताने शोधपथकाच्या प्रमुख बाईंना ईमेल केली, की आम्हाला ती वाट एकदा चालायची आहे. बाईंचं उत्तर आलं. मे महिन्यात या, मी स्वतः बरोबर येईन. पण एकोणीस किलोमीटर आहेत आणि नऊशे मीटर चढ. तेवढं चढता येत असेल तरच या.

चारुलता चोपन्न वर्षांची होती. आयुष्यात ती पर्वतीसुद्धा दोनदाच चढली होती. डिसेंबरात तिने चार फेऱ्यांनी सुरुवात केली. मॉलमधून बूट आणले, लोकरीचे मोजे आणले, वेदांतची शाळेतली सॅक काढून तिच्यात पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या. संध्याकाळी कंपनीची बस अरुणकुमारांना नाक्यावर सोडायची तेव्हा ती जिन्यातच असायची. ते तळमजल्यावर पत्रपेट्यांपाशी उभे राहायचे. लिफ्टचं दार उघडायचं, ती घामाघूम बाहेर यायची, बोटांनी फेरीचा आकडा दाखवायची आणि पुन्हा जिन्याकडे वळायची. जानेवारीच्या मध्यापर्यंत ती पंधरा फेऱ्यांवर आली.

त्याच सुमाराला चौथ्या मजल्यावरच्या साजिदाने त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. साजिदा मूळची हैदराबादची, एका दवाखान्यात नर्स होती.

"भाईसाहब, ऊपर कहीं पाइप फूटी है क्या? हमारे दरवाज़े के बाहर पानी की आवाज़ आती है. शाम को."

"टपकने की?"

"नहीं. गिरने की. बहुत ऊपर से."

अरुणकुमारांनी वॉचमन गुरुप्रसादला सांगितलं. तो कारवारकडचा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याने सातही मजल्यांवरचे पाइप तपासले, भिंतींना हात लावून पाहिले.

"सगळं सुकं आहे साहेब," तो म्हणाला. "पण वास येतो. आमच्याकडे रानात येतो तसला. पालापाचोळा कुजल्याचा."

"गटाराचा असेल."

"असेल," गुरुप्रसाद म्हणाला.

त्याच आठवड्यात शनिवारी अरुणकुमार कपडे धुवायला टाकत होते. चारुलताचे लोकरीचे मोजे घोट्यापर्यंत ओले होते. घाम असेल म्हणून त्यांनी ते बेसिनमध्ये पिळले. पाणी तपकिरी निघालं, दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचं. बेसिनच्या जाळीवर काळ्या मातीचा गाळ राहिला आणि त्यात पाइनच्या पानांसारख्या दोन बारीक हिरव्या सुया. कतारची माती त्यांना चांगली ठाऊक होती. ती पांढरट, पिवळट, कोरडी, बोटांत धरली की उडून जाणारी. ही बोटांना चिकटली.

त्यांनी नळ सोडून सगळं वाहून जाऊ दिलं. चारुलताला काही विचारलं नाही. आपण का विचारलं नाही, हे त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही.

तिच्या मनगटावर अरुणकुमारांनीच दिलेलं घड्याळ होतं. हवेच्या दाबावरून ते उंची काढायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी तिचा सराव संपल्यावर त्यांनी त्यातले आकडे पाहिले. एकूण चढ चारशे सतरा मीटर. वीस फेऱ्यांचा तेवढाच यायला हवा. त्याखाली दिवसातला सर्वांत उंच बिंदू होता, सहाशे बारा मीटर. तापमान चार अंश.

ते घड्याळ कामावर घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते हवेचा दाब कमीजास्त करता येणाऱ्या डब्यात ठेवून तपासलं, खाली आणि वर, तीन वेळा. यंत्रात दोष नव्हता. संध्याकाळी तेच घड्याळ स्वतःच्या हाताला बांधून ते सात मजले चढले. सर्वांत उंच बिंदू चोवीस मीटर. दुसऱ्या दिवशी चारुलताच्या हातावर तेच घड्याळ सहाशे पंचावन्न दाखवत होतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला.

"चारू, जिन्यात काय होतं?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. ती दचकली नाही, आणि हीच गोष्ट त्यांना सर्वांत आवडली नाही.

"दुसऱ्या मजल्यानंतर झाडं लागतात," ती म्हणाली. "सुरुवातीला नुसता वास यायचा. आता झाडं लागतात. चौथ्याच्या पुढे धबधबा आहे, त्याच्या बाजूने दगडात पायऱ्या खोदल्यात. परवा मी त्याच्या वर पोचले. तिथून तळं दिसतं."

"आणि परत कशी येतेस?"

"थांबले की लिफ्टचं दार समोर असतं."

"आपण डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ ना. पण अहो, मला वेड लागलेलं नाही. मला कुणी दिसत नाही, कुणाची हाक ऐकू येत नाही. नुसती वाट आहे. पाऊस असतो."

दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर चढले. ती पुढे, ते मागे. ट्यूबलाइट, सिमेंट, कोणाच्या तरी दाराशी ठेवलेली रिकामी गॅसची टाकी, बिर्याणीचा वास. जिना होता तसा जिना होता. पण चारुलता पाय जरा जास्त उचलून टाकत होती, मुळं ओलांडावीत तसा. चौथ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीकडे सरकली आणि मागे न पाहता म्हणाली, "इथे निसरडं आहे, जपून." तिने जिथे हात टेकला होता तिथे त्यांनी हात टेकला. भिंत इतकी गार होती की त्यांनी तो लगेच काढून घेतला. मागून एसीची नळी गेली असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. सातव्या मजल्यावर गच्चीचं लोखंडी दार होतं आणि त्याला कुलूप होतं.

"तुम्ही मागे असलात की वाट पुढे जात नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तिला जायचं होतं हे त्यांना कळलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, झोपेची गोळी दिली, दुःखाबद्दल चार शब्द सांगितले. अरुणकुमारांनी सराव बंद करायला सांगितला आणि तिने तो केला. आठ दिवस ती खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिली. समोर टायरचं दुकान, त्याच्या बाजूला किराणा, मधून जाणारी माणसं. ती फारसं खायची नाही. बूट मात्र पायात असायचे. नवव्या दिवशी अरुणकुमारच म्हणाले, "कर तुझ्या फेऱ्या. मी खाली थांबतो."

का म्हणाले, याची दोन कारणं होती. एक म्हणजे तिला तसं बसलेलं त्यांना बघवेना. दुसरं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

वेदांत निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने कंपनीतल्या फोनवर त्यांना फोन केला होता. बाबा, उद्या हवा खराब सांगितलीये, बरोबरचे दोघं येत नाहीत म्हणतायत, जाऊ की राहू दे? शुक्रवार असूनही अरुणकुमार ड्यूटीवर होते, समोर काम पडलं होतं. ते हसून म्हणाले होते, नाशिकचा माणूस पावसाला कधीपासून घाबरायला लागला? जा, खोलीत बसून काय करणार आहेस. फोन दोन मिनिटंसुद्धा चालला नसेल. पोलिसांना त्यांनी तो सांगितला नाही, कारण त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. चारुलताला सांगितला नाही, कारण सांगता आला नाही. ती वाट खरी असेल आणि तिच्या टोकाला काही असेल, तर ते कुणीतरी जाऊन पाहावं, असं त्यांना मनाच्या तळाशी वाटत होतं. स्वतः जायचा धीर नव्हता.

फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार. सकाळचे नऊ. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत अल मन्सूरा शांत असतं. दुकानांची शटरं अर्धी खाली होती, रस्त्यावर गाड्या नव्हत्या. जिन्याच्या पायथ्याशी अरुणकुमारांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. चारुलता पहिल्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती.

"वेदांतने तुम्हाला फोन केला होता ना?" तिने विचारलं. "जाऊ का नको म्हणून."

अरुणकुमारांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

"तुला कोणी सांगितलं?"

तिने दुसऱ्या बुटाची गाठ आवळली.

"मी तुमच्यावर रागावलेली नाही," ती म्हणाली. "तोही नाही. त्याला फक्त थंडी फार वाजते."

"चारू, तू म्हणाली होतीस की तिथे कुणी नाही."

"तेव्हा नव्हतं." ती उठली, सॅक पाठीवर घेतली. मग वाकून त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. ते कामावर निघताना ती रोज करायची तशी. आणि ती जिना चढू लागली.

दहा फेऱ्या नेहमीसारख्या झाल्या. दहा वेळा लिफ्टचं दार उघडलं, दहा वेळा ती बाहेर आली. दहाव्या वेळी तिचे केस ओले होते आणि खांद्यांवरून वाफ निघत होती.

अकराव्या फेरीला अरुणकुमार पावलं मोजू लागले. जिन्याच्या पोकळीत तिचे बूट स्पष्ट वाजत. अठरा, वळण. छत्तीस, वळण. मोजण्यात मन गुंतवलं की बरं वाटतं, म्हणून ते मोजत होते. एकशे आठ. एकशे सव्वीसला सातवा मजला आला. आता लिफ्टचं बटण दाबल्याचा आवाज यायला हवा होता.

एकशे सत्तावीस.

एकशे अठ्ठावीस.

ते खुर्चीवरून उठले. पावलं चालूच होती, एकाच लयीत, न दमता. दीडशे. एकशे ऐंशी. आता ती सिमेंटवर वाजत नव्हती. आधी खडीवर, मग चिखलात, पाऊल रुतून निघावं तशी.

"चारू," त्यांनी हाक मारली.

पावलं थांबली.

वरून गार वारा आला. त्यात पाण्याचे बारीक थेंब होते. ते त्यांच्या चष्म्यावर बसले.

मग पावलं पुन्हा सुरू झाली. ती आता दोघांची होती.

अरुणकुमार धावले. सत्तावन्न वर्षांचा माणूस जितका धावू शकतो तितके धावले. तिसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, पाचव्यावर कठडा धरावा लागला. सातव्या मजल्यावर ट्यूबलाइट जळत होती. गच्चीच्या दाराला कुलूप होतं.

गुरुप्रसादने किल्ली आणली. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि ऊन. खालची सिमेंटची लादी कोरडी ठणठणीत होती.

त्यांनी प्रत्येक दार वाजवलं. साजिदा रात्रपाळीहून येऊन झोपली होती. ती दुपट्टा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याबरोबर सगळ्या मजल्यांवर फिरली. चौथ्या मजल्यावर ती एकदा थांबली, कान देऊन उभी राहिली.

"बंद हो गया," ती हळूच म्हणाली. "पानी."

पोलीस आले. ते सौजन्याने वागले. टाक्या उघडून पाहिल्या, लिफ्टची विहीर पाहिली, रिकामे फ्लॅट पाहिले. कॅमेऱ्यात चारुलता अकराव्यांदा जिन्याच्या दारातून आत जाताना दिसत होती. बाहेर येताना ती कोणत्याच कॅमेऱ्यात नव्हती. भांडण झालं होतं का, त्यांनी विचारलं. नाही, अरुणकुमार म्हणाले. ती कुठे जाण्याबद्दल बोलत होती का? मे महिन्यात स्कॉटलंडला जायचं होतं, ते म्हणाले, आणि अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत देश सोडू नका, असं त्यांना सांगण्यात आलं.

मे आला आणि गेला. ब्रिटनच्या व्हिसाची मुदत पासपोर्टातच संपली. रास लफानहून परत आल्यावर अरुणकुमार सॅकमध्ये बाटल्या भरून जिना चढायचे. रोज वीस फेऱ्या, मग तीस. सुरुवातीला ते तिला हाका मारायचे, नंतर वेदांतला. नंतर नुसतेच चढायचे. दुसऱ्या मजल्यानंतर तिसरा मजला यायचा. उन्हाळा वाढला तसा जिना भट्टीसारखा तापू लागला. एकदा चौथ्या मजल्यावर भोवळ येऊन पडले, तेव्हा साजिदाने त्यांना आत नेऊन पाणी पाजलं आणि रागावून म्हणाली, "भाईसाहब, बस कीजिए. वहाँ कुछ नहीं है." तिचं खरं होतं. तिथे काही नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शोधपथकाच्या बाईंची ईमेल आली. चारुलताबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. मे महिन्यात तुम्ही का आला नाहीत, असं त्यांनी काळजीने विचारलं होतं. पुढे लिहिलं होतं, की तळ्याच्या वरच्या टोकाला वाटसरूंसाठी दगडी झोपडी आहे. तिथे एक वही असते, येणारे-जाणारे तिच्यात नोंद करतात. जुन्या भरलेल्या वह्या यंदा नीट लावून ठेवताना आम्हाला एका पानावर ही लिपी दिसली. तुमच्या भाषेतली आहे का, कृपया सांगाल? शोधाच्या वेळी मी स्वतः ही वही पानन् पान पाहिली होती. हे पान माझ्या नजरेतून कसं सुटलं, मला सांगता येत नाही.

अरुणकुमारांनी फोटो उघडला आणि मोठा केला. ओल लागून पान फुगलं होतं. वरती तारीख होती, १५ ऑक्टोबर २०२३. वेदांत निघाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी चारुलता अल खोरच्या घरात त्यांच्या शेजारी बसून फोनची वाट पाहत होती.

अक्षर तिचं होतं. 'व' ला ती नेहमी जरा जास्त पोट काढायची.

पाऊस थांबत नाही, असं तिने लिहिलं होतं. लाकडं ओली आहेत. वेदांतचे पाय अजून गरम होत नाहीत.

शेजारी किती माणसं आहेत ते लिहायचा रकाना होता. त्यात तीन असा आकडा होता. त्याखाली नावं होती, एकाखाली एक. १. वेदांत. २. चारुलता.

तिसरा आकडा घालून पुढची ओळ कोरी ठेवली होती. चार दिवसांनी त्या झोपडीत कुणी दोन वाटसरू आले होते. त्यांनी आपली नोंद निळ्या शाईने केली होती, आणि ती ओळ सोडून खाली केली होती.